माजी सभासद

पेपरात ‘पक्षाला सोडचिठ्ठी’ असा मथळा दिसला, की आमच्या घरमालकांची सकाळ नासलीच म्हणून समजावं. ते पेपर घेऊन जिन्याखाली उभे राहत आणि मला हाक मारत. मी वर त्यांच्याकडे भाड्यानं राहत होते आणि अमरावतीतल्या एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवत होते. जीवशास्त्राचा आणि सोडचिठ्ठीचा काही संबंध नाही, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. पण शिकवणाऱ्या माणसानं भाषेकडे लक्ष ठेवायचं असतं, नाहीतर शिकवायचं कशाला, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

“मॅडम, हे पाहा. सोडचिठ्ठी म्हनते हा. पक्षासंगं काय लगन लागलं होतं याचं?”

“काका, पेपरवाले लिहितात तसं.”

“काहून लिहितात? सोडचिठ्ठी, काडीमोड, फारकत, हे नवराबायकोचे शब्द. भाऊ भाऊ येगळे निघतात. नोकरीचा राजीनामा देतात. भिशीतून नाव काढतात. पुढाऱ्याले रामरामच बरा, थो येतानी बी चालते अन् जातानी बी चालते. ज्याचं जे नातं, त्याले त्याचाच शब्द पायजे. नाहीतं काय तुटलं अन् कसं तुटलं, कोनाले समजनार?”

मी दात घासता घासता मान डोलवायची. माझ्यासारख्या अकोल्याच्या माणसाला सकाळी सातच्या आत वाद घालता येत नाही, आणि काकांना सातच्या नंतर जमत नसे, कारण सातला काकू चहा देत आणि चहा पिताना ते कोणाशीही भांडत नसत.

त्यांना सगळी कॉलनी ‘माजी’ म्हणायची. तोंडावर काका, पाठीमागे माजी. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांचं काही म्हणणंही नव्हतं. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात, काहींना अचानक देव दिसू लागतो. काकांचा मुलगा हैदराबादला, नातवंडं व्हिडिओ कॉलवर, आणि अंगणात जांभळाचं एक झाड, ज्याला काही करावं लागत नसे. तेव्हा काका संस्थांमध्ये जाऊ लागले आणि तितक्याच नेमानं त्यांतून बाहेर पडू लागले. ज्येष्ठ नागरिक मंडळ झालं, रस्ता समिती झाली, वधू-वर परिचय मंडळ झालं. हास्य क्लब तर तीन आठवड्यांत आटोपला.

“तो का सोडला, काका?”

“हसू यायच्या पयले हसा लागे.”

ते भांडून बाहेर पडत, असं मात्र कोणी समजू नये. भांडकुदळ माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आमच्या घराण्यात तर त्यांचा तुटवडा कधी पडला नाही. काका तसे नव्हते. ते जिथं शिरत तिथं जीव ओतत. खुर्च्या मांडत, सतरंज्या झटकत, आजारी सभासदाकडे डबा पोचवत. मग एखाद्या दिवशी त्यांच्या लक्षात येई की आपण आता नुसते बसलो आहोत. त्या दिवशी ते उठत. पण उठायची त्यांची एक रीत होती, आणि ती रीत त्यांनी अमरावतीत गाजवली होती.

पहिलं म्हणजे दिवसाढवळ्या जायचं, समोरासमोर. फोनवर नाही, निरोप पाठवून नाही. दुसरं, आधी चहा प्यायचा. चहा प्यायच्या आत सोडण्याची गोष्ट काढली तर चहा मिळत नाही, हे एक कारण. दुसरं कारण त्यांनी मला फार दिवसांनी सांगितलं, की ज्याचा चहा पोटात गेला त्याच्याबद्दल नंतर वाईट बोलताना जीभ जरा अडखळते. तिसरं, एका वाक्यात सांगायचं. चौथं, कारण सांगायचं नाही. आणि शेवटचं, त्या संस्थेची जी वस्तू आपल्या घरी असेल ती दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत परत करायची. टोपी असो, खुर्ची असो, मंडपाची दोरी असो.

कारण न सांगण्यावर त्यांचा फार भर होता. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ सकाळच्या फिरायच्या ग्रुपला कंटाळले होते. तो ग्रुप फिरायचा कमी आणि थांबून बोलायचा जास्त. हे गृहस्थ काकांकडे सल्ल्याला आले. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“मी म्हनतो, पाय दुखतात म्हनून सांगून देतो.”

“सांगू नका,” काका म्हणाले. “पाय दुखतात म्हनसान तं एकजन तेल घेऊन येईन. दुसरा म्हनीन माह्या साळ्याले बी असंच होतं, अन् त्याच्या डॉक्टरचा नंबर देईन. तिसरा म्हनीन आपन हळू चालू. मंग तुमी त्याइच्यासंगं आनखी हळू चालसान. कारन देलं का त्याले औषध निघते. नुसतं म्हना, मी उद्यापासून येनार नाही.”

“अन् काहून विचारलं तं?”

“चहा प्या.”

मला वाटलं होतं, हा सगळा रिकामटेकडेपणा आहे. पण पुढं मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि क्लास सोडायची वेळ आली, तेव्हा मी मुकाट्यानं हीच रीत वापरली. आमचे क्लासचे सर मायेनं माणूस बांधून ठेवणारे. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य ते पगारवाढीच्या महिन्यात विशेष वापरत. मी दुपारी त्यांच्या केबिनमध्ये गेले, चहा घेतला आणि म्हणाले, “सर, मी या महिन्यानंतर येणार नाही.” सरांनी का म्हणून विचारलं. मी चहा पीत राहिले. मग सरांनीच एकामागून एक कारणं काढली. आई एकटी असते ना, उन्हाळा झेपत नाही ना, लग्नाचं जमलं का. शेवटी त्यातलं एक त्यांना पटलं, आणि माझ्या लग्नाला नक्की येईन असं सांगून त्यांनी मला मोकळं केलं. लग्न अजून व्हायचं आहे.

पण व्हॉट्सॲपच्या बाबतीत काकांची रीत त्यांच्यावरच उलटली. कॉलनीचा ग्रुप होता. त्यावर सकाळी फुलं, दुपारी हरवलेली मांजरं आणि संध्याकाळी नळ किती वाजता येणार याची चर्चा. काकांना एक दिवस वाटलं, बस झालं. दुसरा कोणी असता तर बटण दाबून मोकळा झाला असता. काकांना ते चोरासारखं वाटलं.

“कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून येते, हा गेला म्हनून. बसल्या पंगतीतून न सांगता उठून गेल्यासारखं. असं कोनी करते काय?”

ग्रुपचा अॅडमिन म्हणजे कोपऱ्यावरचा तरुण दातांचा डॉक्टर. काका त्याच्या दवाखान्यात गेले. तिथं चहाची सोय नव्हती, तेव्हा यांनी टपरीवरून दोन कटिंग मागवले. एक पेशंट तोंड उघडून पडलेला, डॉक्टरच्या हातात यंत्र, आणि काका चहाचा ग्लास धरून उभे. डॉक्टर गोंधळला. म्हणाला, “काका, तुम्हीच एग्झिट करा ना.”

“मी सांगाले आलो. मोकळं कराचं काम तुमचं.”

डॉक्टरनं हातमोजा काढून त्यांना ग्रुपमधून काढलं. झालं, ग्रुपवर सगळ्यांना दिसलं की डॉक्टरनं काकांना काढून टाकलं. कॉलनी पेटली. एवढ्या वयाच्या माणसाला हाकलता, लाज वाटत नाही का, इथपासून सुरुवात होऊन डॉक्टरनं कोणाचा दात चुकीचा उपटला होता इथपर्यंत मजल गेली. काकांच्या पाठिंब्यासाठी तासाभरात निम्मा ग्रुप बाहेर पडला. अन् काकांना यातलं काही माहीत नाही, कारण ते ग्रुपवर नव्हते. संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा त्यांनी चप्पल घातली आणि घरोघर फिरून, प्रत्येक घरी बसून, आपण स्वखुशीनं गेलो हे समजावलं. काही घरी चहा झाला. डॉक्टरला पुन्हा सगळ्यांना जोडावं लागलं. त्यात त्यानं गडबडीत काकांनाही जोडलं. काका डोक्याला हात लावून बसले आणि पुढं वर्षभर त्या ग्रुपवर राहिले, कारण पुन्हा सोडायची त्यांची ताकद नव्हती.

इथपर्यंत सगळं मजेत होतं. मी अकोल्याला घरी गेले की काकांच्या गोष्टी सांगून लोकांना हसवायची. मग त्यांनी मंदिर सोडलं, आणि मला हसू येईनासं झालं.

कॉलनीतलं दत्ताचं मंदिर ही त्यांची इतर संस्थांसारखी संस्था नव्हती. इथं घरं कमी आणि कपाशीची पऱ्हाटी जास्त होती, तेव्हा टिनाच्या शेडखाली त्यांनी आणि कापड दुकानाच्या मालकानं मिळून ते सुरू केलं होतं. कापडवाले आता समितीचे अध्यक्ष. दोघं एकमेकांना ‘राव’ म्हणत, आडनाव न लावता. भांडण झालं ते दत्तजयंतीच्या भंडाऱ्यावरून. तरुण पोरांनी ठरवलं, यंदा पंगत नको, बुफे ठेवू. माणसं वाढली, वाढपी मिळत नाहीत. काका म्हणाले, देवाच्या दारी माणसाला हातात ताट देऊन रांगेत उभं करायचं नाही. वाढणाऱ्यानं वाकून वाढायचं, मग तो वकील असो की भाजीवाला, म्हणून तर भंडारा करायचा. बैठकीत अध्यक्षांनी हात वर केला तो बुफेच्या बाजूनं.

काकांनी चहा येईपर्यंत वाट पाहिली. चहा प्यायले. मग म्हणाले, “राव, मी समितीतून मोकळा होतो.” आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर यायच्या आत त्यांनी मंदिराच्या वस्तू गोळा केल्या. गाभाऱ्याची किल्ली, दोन सतरंज्या, भात शिजवायचा गंज, म्हणजे मोठं पातेलं. आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली खंजिरी.

ती खंजिरी काकूंची होती. म्हणजे पैशानं मंदिराची, पण दर गुरुवारी बायकांच्या भजनात ती काकूच वाजवत, आणि तिचं कातडं सैल पडू नये म्हणून आठवडाभर घरी ठेवत, चुलीच्या उबेला. काका रीतीनं वागले. वस्तू संस्थेची, संस्था सोडली, वस्तू परत. मी वरून पाहिलं, ते स्कूटरच्या पायाशी गंज आणि गंजात खंजिरी ठेवून निघाले. गल्लीतल्या प्रत्येक स्पीड ब्रेकरवर तिच्या चकत्या वाजत गेल्या. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

काकू बुटक्या, सडपातळ आणि कमी बोलणाऱ्या. पण गुरुवारी त्या दुसऱ्याच कोणी असत. मी एकदोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. पदर खोचून, डोळे मिटून अशी काही खंजिरी घुमवायच्या, की पेटीवाल्या बाईंना त्यांच्यामागं धावावं लागे. परत येताना वाटभर बोलत. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या मुलाचं कुठं जमलं. आठवड्याचं सगळं बोलणं त्या एका संध्याकाळी होऊन जाई.

आता गुरुवार आला, की त्या संध्याकाळी लवकर खिचडी टाकत आणि टीव्ही लावत. टीव्हीकडे बघत मात्र नसत. एकदा मी दही मागायला खाली गेले. काकू कणीक मळून झालेल्या परातीवर बोटांनी ठेका धरून बसल्या होत्या, आणि मला पाहताच त्यांनी हात पदराला पुसला. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, तो जास्त.

“काकू, भजनाला तुम्ही का जात नाही? समिती त्यांनी सोडली.”

“घरून राजीनामा गेला ना बाई. आता मी कोन्या तोंडानं जाऊ?”

“कोणी काही बोललं का?”

“बोलाले कोनी आलंच नाही.”

पेटीवाल्या बाई मला पुढच्याच आठवड्यात भाजीबाजारात भेटल्या. मी मेथीची जुडी हातात घेऊन त्यांनाच धरलं. त्याही कासावीस होत्या.

“आमी कशे बोलवू, सांगा? त्याइच्या घरून राजीनामा आला. साऱ्या कॉलनीले माहीत हाये, हे राजीनाम्याचे किती पक्के. बोलावलं तं म्हनतीन, आमचा मान ठेवला नाही. आमी वाट पाहून राहिलो, थ्या येतीन म्हनून.”

म्हणजे इकडे काकू बोलावण्याची वाट पाहणार आणि तिकडे बायका त्यांच्या येण्याची. आणि मध्ये काकांचा राजीनामा, ज्याचा मान सगळे राखून बसलेले. हे फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. तोंडानं आम्ही वऱ्हाडी लोक कोणाला काहीही बोलू, पण मानापानाच्या जागी पाय टाकताना आमचा जीव जातो. असे तीन महिने गेले.

शेवटी मीच काकांना गाठलं. जांभळाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी चहा घेतला नाही, आणि एका वाक्यातही सांगितलं नाही. कारणांसकट सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

“तिनं मले काही म्हतलं नाही.”

“त्या कधी काय म्हणतात?”

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “आता?”

“आता परत जा.”

“काय म्हनून जाऊ?”

मला वाटलं हा अहंकार आहे, म्हणून मी अजून दोन शब्द सुनावणार होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थांबले. त्यांना खरंच सुचत नव्हतं. सोडायचे इतके शब्द त्यांनी गोळा केले होते, एकेका नात्याला एकेक, पण सोडलेल्या माणसानं परत येताना काय म्हणायचं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

“पेपरात घरवापसी म्हनतात,” ते स्वतःशीच म्हणाले. “पन माह्यं घर तं अथीच हाये.”

“चुकलं म्हणा. सोपं आहे.”

“पंगतीचं चुकलं नाही.” ते ठाम होते. “बुफेवाल्याइले जाऊन चुकलं म्हनू, तं थे खोटं होईन.”

“मग खंजिरीचं?”

यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “काका, समितीला काही सांगायचं नाहीये. जिची खंजिरी नेली तिला सांगायचं आहे. आणि ती मंदिरात नाही, स्वयंपाकघरात आहे.”

हे त्यांना पटलं. पण पटणं वेगळं आणि जमणं वेगळं. पुढचे चारसहा दिवस मी जी गंमत पाहिली, ती आठवली की अजून हसू येतं. काका उठत, घसा साफ करत, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहत. काकू वळून पाहत. काका म्हणत, “पानी दे.” पाणी पीत आणि परत जांभळाखाली येऊन बसत. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आयुष्यभर अध्यक्षांना, साहेबांना, सेक्रेटऱ्यांना तोंडावर एका वाक्यात सांगणारा हा माणूस, बायकोसमोर पेल्यावर पेले पाणी पीत होता. अखेर काकू मला जिन्यात गाठून काळजीनं म्हणाल्या, “याइले शुगर गिगर झाली काय वं? सारखं पानी पिऊन राहिले.”

मी म्हणाले, होईल बरं आपोआप. दुसरं काय सांगणार?

गुरुवार आला. क्लास लवकर सुटला होता. मी गाडी लावत होते, तोच काकू बाहेर आल्या. ठेवणीतलं काठाचं लुगडं नव्हे, पण चांगली धुतलेली साडी, केसांना तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू. काका नेहमीच्या खुर्चीत होते.

“पोरी, गाडी लावू नको,” काकू मला म्हणाल्या. “मले सोडून दे.”

“कुठी?” हे काकांनी विचारलं.

“भजनाले.”

काका खुर्चीतून अर्धे उठले. “पन आपन राजीनामा देला ना.”

“तुमी देला. म्या कई देला?”

तीन महिने आम्ही सगळे, त्या बायका, अध्यक्ष, मी आणि मुख्य म्हणजे काकू स्वतः, एक राजीनामा दोघांचा धरून चाललो होतो. काकूंनी तो शांतपणे फाडून एकाचा केला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात हेल्मेट होतं.

“खंजिरी?” काकांनी विचारलं.

“थे तं तथीच हाये. बरं झालं, आता न्या लागत नाही.” असं म्हणून त्या माझ्यामागे बसल्या.

मंदिरात बायका जमल्या होत्या. काकू पायरीवर क्षणभर थांबल्या. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता. आत कोणी ‘या’ म्हणालं नाही, ‘इतके दिवस कुठं होत्या’ म्हणालं नाही. दोघी फक्त सरकल्या, आणि मधे एका माणसापुरती सतरंजी मोकळी झाली. पेटीवाल्या बाईंनी मागं हात घालून खंजिरी काढली. तिच्यावर रुमाल बांधलेला होता. काकूंनी रुमाल सोडला, अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “ढिली पडली.” मग निरांजनावर धरून जरा शेकवली. पहिल्या भजनात हात चुकत होता. दुसऱ्यात लागला. मी दाराशी चपलांजवळ बसले होते, आणि मला रडू आलं, ते मी डासांच्या नावावर खपवलं.

डोळे पुसायला बाहेर आले तर रस्त्याच्या पलीकडे, बंद पिठाच्या गिरणीपाशी काका उभे. स्कूटर लावलेली, हात मागे बांधलेले. मी त्यांच्याकडे गेले. आतून खंजिरी येत होती आणि ते मान न हलवता ऐकत होते.

थोड्या वेळानं अध्यक्ष बाहेर आले. त्यांनी दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला.

“राव, अंदर या ना.”

“नाही राव. मी माजी हाये.”

अध्यक्षांनी गिरणीच्या ओट्यावरची धूळ हातानं झटकली आणि बसले. काका उभे होते, तेही बसले. एक भजन होऊन गेलं.

“भंडाऱ्यात लोकाइनं लय अन्न टाकलं,” अध्यक्ष समोर पाहत म्हणाले. “ताटं भरभरून घेतलं अन् टाकलं.”

इतर कोणी असता तर एवढ्या संधीचं सोनं केलं असतं. काका म्हणाले, “पंगतीत बी टाकतात राव. कोनी कोनी टाकते.”

“राजीनामा रद्द करू काय?”

“नाही. देला थो देला.” मग म्हणाले, “पन गुरुवारी मी अथी बसत जाईन. ओटा काही समितीचा नाही.”

अध्यक्ष हसले. आरती झाली. बायका एकेक करून बाहेर पडू लागल्या. काकू प्रसादाचा द्रोण घेऊन पायरीवर आल्या, त्यांनी आम्हाला पाहिलं आणि रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे आल्या. गाल लाल झाले होते, कुंकू घामानं पसरलं होतं. आधी अध्यक्षांच्या हातावर शिरा ठेवला, मग माझ्या.

काका उठून उभे राहिले. या वेळी त्यांनी पाणी मागितलं नाही.

“तुही खंजिरी मी नेऊन देली,” ते म्हणाले. अध्यक्ष ऐकत होते, मी ऐकत होते, मागून पेटीवाल्या बाई येऊन थांबल्या होत्या. “तुले न विचारता नेली. थे माह्यं चुकलं.”

“चुकलंच,” काकू म्हणाल्या. “हात करा पुढं. याले सभासद राहा लागत नाही.”

काकांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवला आणि पुढे केला.